बोल्ट अडतोय, प्रायमर चपटा झालाय: घरी भरलेल्या राउंड्समधलं प्रेशर

प्रश्न (फिनिक्स, ॲरिझोनाहून एक वाचक): सर, माझी .३०८ विंचेस्टरची बोल्ट ॲक्शन टार्गेट रायफल आहे, १७५ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) मॅच बुलेट आणि वार्गेट पावडर वापरून राउंड, म्हणजे अख्खी काडतुसं, घरीच भरतो. फेब्रुवारीत बसवलेला लोड (पावडर-बुलेटचं ठरवलेलं प्रमाण) एकदम मस्त चालत होता, ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा घोळका) छान, बोल्ट, म्हणजे बॅरलचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, दोन बोटांनी उघडायचा. मग माझे विंचेस्टरचे केस (राउंडची पितळी नळी) संपत आले म्हणून एकदा वापरलेले लेक सिटीचे मिलिटरी केस घेतले, बाकी काहीच बदललं नाही, पावडरचा डबा तोच, वजन तेच, प्रायमर (केसच्या बुडातली पावडर पेटवणारी टोपी) तेच. जूनमध्ये बेन एव्हरी रेंजवर गेलो तर चौथ्या-पाचव्या राउंडपासून बोल्ट उचलायला तळहाताने ठोकायला लागलं, प्रायमर सपाट झालेत आणि केसच्या बुडावर एक चकचकीत गोल डाग दिसतोय. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) आधी सरासरी २,६२० फूट प्रति सेकंद यायचे, आता २,७०० येतात. मित्र म्हणतो हे उन्हामुळे आहे, सावलीत बसून मार. बरेच राउंड शिल्लक आहेत, संपवून टाकू का?

उत्तर: नाही, एकही मारू नका. बुलेट पुलर (केसमधून बुलेट उपसायचं हत्यार) घ्या, सगळे राउंड उघडा, बुलेट आणि केस परत वापरता येतील, पावडर मात्र कुठली आहे याबद्दल जरासुद्धा शंका असेल तर टाकून द्या. कंटाळवाणं काम आहे पण तुमचा चेहरा त्या बोल्टपासून काही इंचांवर असतो म्हणून हे आधी सांगतोय, कारणं मग बघू. आणि तुम्ही पावडरचं वजन लिहिलं होतं ते मुद्दाम छापलेलं नाही, कोणीतरी ते उचलून आपल्या रायफलमध्ये वापरेल.

आता तुम्ही जे लिहिलंय त्यातलं कशावर किती विश्वास ठेवायचा ते बघू. प्रायमर सपाट होणं ही सगळ्यात कच्ची खूण आहे. कुठल्या कंपनीच्या प्रायमरची टोपी मऊ, कुठल्याची जाड, त्यामुळे एकाच प्रेशरला एक चपटा दिसतो आणि दुसरा गोल राहतो. पण बोल्ट जड उचलला जाणं, बुडावर इजेक्टरचा (रिकामा केस बाहेर ढकलणाऱ्या खिट्टीचा) डाग येणं आणि वेग वाढणं ह्या तीन गोष्टी एकदम आल्या तर वाद घालायला जागा उरत नाही. तो चकचकीत डाग नीट बघा, नखाने चाचपून बघा, किंचित उंचवटा लागेल. इजेक्टरचं जे भोक बोल्टच्या तोंडावर असतं त्यात पितळ दाबलं जाऊन शिरलंय, आणि बोल्ट फिरवताना तो उंचवटा घासला गेला म्हणून चकाकतोय. केसचं बूड हा त्याचा सगळ्यात जाड आणि टणक भाग, तो वाहायला लागला म्हणजे प्रेशर बऱ्यापैकी पुढे गेलंय. .३०८ साठी अमेरिकेतल्या सामी या संस्थेची कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे, तुमचे राउंड नक्की किती देत होते ते घरबसल्या मोजता येत नाही, पण पितळाने उत्तर दिलेलं आहे.

वेगाबद्दल लोक खूश होतात, अरे वा ८० फूट फुकट मिळाले. फुकट काही मिळत नाही. तीच बुलेट, तीच बॅरल, तीच पावडर आणि तेवढंच वजन असताना वेग वाढला तर तो प्रेशरमधूनच आलाय, दुसरीकडून येऊच शकत नाही. म्हणून मी प्रायमर बघण्याआधी क्रोनोग्राफ बघतो आणि पावडर कंपनीच्या लोडच्या पुस्तकात त्या बुलेटला आणि तेवढ्या लांबीच्या बॅरलला जो कमाल वेग दिलाय तो ओलांडला की तिथेच थांबतो, मग बाकी खुणा दिसोत न दिसोत.

उन्हाचं म्हणाल तर मित्राचं अगदीच चूक नाहीये, पण फिनिक्समध्ये जूनला ४३ अंश सेल्सिअस नेहमीचेच असले तरी वार्गेट ही तापमानाने कमी बदलणारी पावडर म्हणूनच विकली जाते, नुसत्या हवेच्या गरमीने ८० फुटांचा फरक तिच्यात पडणं मला पटत नाही. बंद गाडीत तापलेले राउंड, किंवा पाच-सहा शॉट झाल्यावर गरम चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाचा राउंड बसतो तो कप्पा) राउंड भरून वारा थांबायची वाट बघत बसणं, याने भर नक्की पडते, राउंड सावलीत झाकून ठेवा आणि ट्रिगर दाबायचा असेल तेव्हाच चेंबरमध्ये घाला. पण मूळ दोषी दुसरा आहे, तो म्हणजे केस.

हे स्वतः तपासा, अर्ध्या तासाचं काम आहे. तुमच्या जुन्या विंचेस्टरपैकी आणि नव्या लेक सिटीपैकी पाच-पाच रिकामे केस वजनकाट्यावर ठेवा. विंचेस्टरचे साधारण १५५ ते १६० ग्रेन भरतात, लेक सिटीचे बऱ्याचदा १७५ ते १८०. बाहेरून दोन्ही सारखेच कारण चेंबर एकच, मग ते जास्तीचं २० ग्रेन पितळ गेलं कुठे, तर आत, भिंतीत आणि बुडात. पितळ पाण्याच्या साधारण साडेआठ पट जड, म्हणजे आतली सव्वादोन-अडीच ग्रेन पाण्याएवढी जागा कमी झाली, आणि .३०८ च्या केसमध्ये एकूण जागाच ५६ ग्रेन पाण्याच्या आसपास असते. तेवढीच पावडर कमी जागेत जळते, प्रेशर वाढतं, प्रेशर वाढलं की पावडर आणखी वेगाने जळते, त्यामुळे वाढ सरळ रेषेत होत नाही, शेवटी शेवटी एकदम उसळी घेते. खात्री करायची तर वापरलेला प्रायमर तसाच ठेवून, मारलेल्या केसमध्ये तोंडापर्यंत पाणी भरून वजन करा, दोन्ही जातींचं. म्हणूनच जुने जाणते लोक सांगतात की मिलिटरी केसला लोड परत खालून बसवायचा, पूर्वीचं वजन जसंच्या तसं उचलायचं नाही.

दुसरी शंका लांबीची. एकदा वापरलेले मिलिटरी केस बरेचदा मशीनगनच्या सैल चेंबरमधून आलेले असतात, रिसाइझ केले, म्हणजे डायमध्ये दाबून परत मापात आणले, की लांब होतात. .३०८ ची कमाल लांबी २.०१५ इंच, ट्रिम करून (तोंड कापून) २.००५ ला आणायची. तुम्ही रिसाइझ केल्यानंतर मोजले होते का? पत्रात ट्रिमचा उल्लेखच नाही म्हणून विचारतोय. केस लांब असला की त्याच्या मानेचं तोंड चेंबरच्या पुढच्या कडेला टेकतं आणि आत दाबलं जातं, बुलेट चिमटीत पकडल्यासारखी अडकते आणि सुटायला नको तेवढा जोर लागतो. हे बाहेरून दिसत नाही, कॅलिपरच सांगतो.

आणि एक साधी टेस्ट, बोल्ट जड उचलला जातो तेव्हा ते प्रेशरच असेल असं नाही. रिसाइझ केलेला रिकामा केस चेंबरमध्ये घालून बोल्ट बंद करा. मारण्याआधीच बंद करायला जड जात असेल तर केस बुडापाशी नीट रिसाइझ झालेला नाही, सैल चेंबरमधून आलेल्या केसमध्ये हे हमखास होतं. आरामात बंद होत असेल आणि मारल्यावरच उघडायला जड जात असेल तर ते प्रेशर. तुमच्याकडे दोन्हीची सरमिसळ असू शकते, पण इजेक्टरचा डाग नुसत्या रिसाइझने पडत नाही.

आता पुढे काय. ज्या केसच्या बुडावर डाग आलाय ते फेकून द्या, बाकीच्यांत प्रायमर बसवताना हाताला सैल लागला तर तेही फेका, पॉकेट (प्रायमर बसतो तो खळगा) एकदा फाकलं की परत घट्ट होत नाही. वजनकाटा चेक वेटने (ठरावीक वजनाच्या मापाने) तपासा, डिजिटल असेल तर पंखा आणि एसीच्या झोतापासून लांब ठेवा, आणि भरायला लागण्याआधी गरम होऊ द्या. थ्रोटमध्ये (चेंबरच्या लगेच पुढचा बॅरलचा भाग) कार्बनची कडक रिंग जमलीये का तेही बोअरस्कोपने (बॅरलच्या आत बघायचा कॅमेरा) बघून घ्या, बरेच शॉट झालेल्या बॅरलमध्ये तीसुद्धा प्रेशर वाढवते. मग लेक सिटी केसला पुस्तकातल्या स्टार्ट लोडपासून (सगळ्यात कमी पावडरच्या लोडपासून) सुरुवात करा आणि थोडं थोडं वर या, क्रोनोग्राफ लावून, भर दुपारच्या उन्हात, कारण थंडीतला सेफ लोड जूनमध्ये सेफ असेलच असं नाही. मित्राचा सल्ला ऐकून सावलीत बसलात तरी प्रेशर आधीच वर होतं, त्यात फारसा फरक पडला नसता. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. केस आणि बुलेट केसमध्ये किती खोल बसवता ते, दोन्ही एकदम बदललं तर कशाने काय झालं हे कळणारच नाही.

प्रश्न (मेलबर्नहून एक वाचक): लोड पुस्तकातल्या स्टार्टवर आहे, वेगही कमी येतोय, तरी प्रायमरवर फायरिंग पिनच्या खड्ड्याभोवती कंगोरा उठतो. हे प्रेशर आहे का?

उत्तर: बहुतेक नाही. बोल्टच्या तोंडावरचं पिनचं भोक पिनपेक्षा मोठं असलं किंवा स्प्रिंग थकली असली की साध्या लोडलाही प्रायमर मागे सरकून त्या फटीत फुगतो. एक फॅक्टरीचा राउंड मारून बघा, त्यालाही तसाच कंगोरा आला तर रायफल गनस्मिथकडे न्या. मात्र एक गोष्ट दुर्लक्षू नका, प्रायमरला बारीक भोक पडून काळा धूर येत असेल तर लोड कितीही हलका असो, शूटिंग बंद. आणि हलक्या लोडलाही प्रायमर सपाट होत असेल तर केसचा खांदा रिसाइझ करताना फार मागे ढकलताय का ते बघा, बोल्ट ॲक्शनला .००२ इंच पुरतो. जास्त झालं तर प्रायमर आधी मागे येतो, मग केस मागे येऊन त्यालाच दाबतो, आणि बघणाऱ्याला वाटतं प्रेशर आहे.

प्रश्न (कोल्हापूरहून एक पालक): पॅरिसमध्ये २०२४ ला स्वप्नील कुसाळेला ५० मीटरमध्ये ब्राँझ मिळाल्यापासून मुलगी मागे लागलीये, क्लबात .२२ ने सुरू केलंय. गोळ्या फार महाग पडतात. परदेशात लोक घरी भरतात म्हणे, आपण भरू शकतो का?

उत्तर: नाही, आणि दोन वेगळ्या कारणांनी नाही. .२२ ची गोळी रिमफायर असते, पेटणारा मसाला तळाच्या दुमडलेल्या कडेत असतो, पिनने ती कडच चेपली जाते, त्यामुळे तो केस एकदाच वापरायचा. वरच्या दोन पत्रांतली रायफल सेंटरफायर आहे, तिचा प्रायमर वेगळा काढता येतो म्हणून तिथे शक्य होतं. दुसरं कारण, आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, तेव्हा हा विचार डोक्यातूनच काढा. खर्च वाचवायचा तर कोचला विचारून ड्राय फायरिंग (रिकाम्या रायफलने सराव) वाढवा, पोझिशन आणि ट्रिगर त्यात घडतात, एकही गोळी न जाता. मॅचच्या गोळ्या घेताना एकाच लॉटच्या (कारखान्यात एकाच वेळी बनलेल्या) घ्या, लॉट बदलला की ग्रुप बदलतो.

आणि प्रेशरचा धोका .२२ मध्येही आहे, तो कोणी सांगत नाही म्हणून लिहितोय. एखादा शॉट नुसता फुस्स वाजला आणि टार्गेटवर भोक दिसलं नाही तर मुलीने पुढची गोळी घालायची नाही. रायफलचं तोंड टार्गेटकडेच ठेवून थांबायचं, हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवायचं, त्यांनी बोल्ट काढून बॅरलमधून आरपार उजेड दिसतो का ते बघायचं. शिसं आत अडकलेलं असताना मागून दुसरी गोळी गेली तर बॅरल तिथेच फुगते. मॅचमध्ये घड्याळ चालू असतं, मुलं घाईत पुढची गोळी घालतात, तेव्हा हे तिला मॅचच्या दिवशी नाही, आत्ताच सांगून ठेवा.