यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या सेतू केंद्रात अँटीव्हायरस 'सगळं ठीक' दाखवतो, तरी संगणक आपोआप भलत्याच साइट उघडतो. लपलेला व्हायरस कसा काढावा?

विंडोज १० किंवा ११ असेल तर त्यातल्याच मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. रूटकिटसारखा व्हायरस चालू विंडोजमध्ये आपल्या फाइली लपवतो, म्हणून साध्या स्कॅनला तो सहसा दिसत नाही. हा स्कॅन विंडोज सुरू होण्याआधीच चालतो. आधी डिफेंडर अपडेट करा, उघडी कामं सेव्ह करा. मग विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स, ऑफलाइन स्कॅन. संगणक रीस्टार्ट होतो, साधारण १५ मिनिटं लागतात. मधेच लाइन गेली की पुन्हा पहिल्यापासून, तेव्हा यूपीएस नसेल तर लोडशेडिंगची वेळ टाळाच. काय सापडलं ते प्रोटेक्शन हिस्टरीत दिसेल. ग्राहकांचे पेन ड्राइव्हही वेगळे स्कॅन करा, नाहीतर तिथूनच परत लागण होते. मात्र चोरीला गेलेले पासवर्ड स्कॅनने सुरक्षित होत नाहीत. सेतूचं लॉगिन आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून आजच बदला.