ट्रेजननंतर हेड्रियन आला नसता तर?

रोमन सम्राट ट्रेजननंतर हेड्रियनऐवजी त्याचा सेनापती लुसियस क्वाएटस सम्राट झाला असता तर ट्रेजनने जिंकलेला आणि हेड्रियनने सोडून दिलेला मेसोपोटेमिया (आजच्या इराकचा भाग) रोमकडे टिकला असता का, हा तुमचा प्रश्न. माझ्या मते मेसोपोटेमिया तरीही हातचा गेलाच असता. खरा फरक पडला असता तो पुढच्या वारसांमध्ये आणि जेरुसलेममध्ये.

गादीचा निर्णय किती घाईत झाला ते आधी पाहू. ऑगस्ट ११७ मध्ये पूर्वेकडून परतताना सिलिसियातल्या सेलिनस गावी ट्रेजन वारला. मूलबाळ नव्हतं, वारसही जाहीर केलेला नव्हता. हेड्रियन तेव्हा अँटिओकला, सीरियाचा सुभेदार. ९ ऑगस्टला त्याला दत्तक घेतल्याचं पत्र मिळालं आणि ११ तारखेला सम्राट गेल्याची बातमी. रोमन इतिहासकार कॅशियस डिओचे वडील पुढे सिलिसियाचे सुभेदार होते. त्यांच्याकडून ऐकलेलं डिओ लिहून ठेवतो: मृत्यू काही दिवस लपवला होता आणि सिनेटला गेलेल्या पत्रांवर सही ट्रेजनची नव्हती, राणी प्लोटिनाची होती. त्यात आणखी एक गोष्ट. ट्रेजनच्या खासगी सेवेतला फेडिमस, ज्याच्याकडे त्याच्या पेयांची व्यवस्था असे, तोही सेलिनसलाच १२ ऑगस्टला, वयाच्या २८व्या वर्षी गेला. त्याचा मृत्युलेख आजही उपलब्ध आहे. यावरून विषप्रयोग सिद्ध होत नाही, साथीचा तापही असू शकतो. पण संशय का टिकून राहिला ते कळतं.

आता क्वाएटस. मूर घोडदळाचा हा सरदार जबरदस्त होता. त्याने निसिबिस परत घेतलं, एडेसा जाळलं, मेसोपोटेमियातलं ज्यूंचं बंड मोडलं. पण आफ्रिकेतल्या टोळीप्रमुखाला सिनेटने सुखासुखी सम्राट मानलं असतं, हे मला पटत नाही. अविडियस नायग्रिनस हे नाव जास्त शक्यतेतलं वाटतं: माजी कॉन्सल (रोममधलं सर्वोच्च मानाचं पद), जुन्या वजनदार घराण्यातला.

मेसोपोटेमियाचं म्हणाल, तर माघार ट्रेजनच्या हयातीतच सुरू झाली होती. ११६ मध्ये रोमचं प्रतिस्पर्धी इराणी साम्राज्य पार्थिया याची राजधानी टेसिफॉन पडली आणि त्याच वर्षी मागे जिंकलेली शहरं उठली. शेवटी ट्रेजनने स्वतःच पार्थामास्पेटिसला पार्थियाच्या गादीवर बसवलं, म्हणजे दक्षिणेकडचा मुलूख थेट ताब्यात ठेवणं झेपत नाही हे त्याने कबूलच केलं. मग हात्रा या वाळवंटातल्या तटबंद शहराचा वेढा फसला. ना पाणी, ना लाकूड, ना चारा, वर ऊन आणि खाण्यापिण्यावर बसणाऱ्या माशा. तिकडे सायरीन, इजिप्त, सायप्रसमध्ये बंडं, डॅन्यूबवर गडबड. एवढं सैन्य कुठलाही सम्राट आणणार कुठून? सुमारे ८० वर्षांनी सेप्टिमियस सेव्हेरसने उत्तर मेसोपोटेमियाचा प्रांत केला खरा, पण हात्रापुढे तोही दोनदा हरला आणि या प्रांतापायी सतत लढाया नि खर्च होतो, अशी तक्रार डिओने केलीच.

आपल्याकडच्या वाचकांना इथे कल्याण-सोपाऱ्याचा व्यापार आठवेल. ट्रेजनने इराणी आखाताच्या उत्तर टोकाशी भारताकडे निघालेलं जहाज पाहिलं होतं आणि तरुण असतो तर मीही गेलो असतो, असं म्हटलं होतं. पण रोमचा भारताशी मुख्य व्यापार इजिप्त आणि तांबड्या समुद्रातून चाले. युफ्रेटिसपलीकडचे प्रांत गेले म्हणून तो थांबला नाही.

आता खरा फरक. सत्ता हाती येताच क्वाएटस, नायग्रिनस, पाल्मा आणि सेल्सस या चार माजी कॉन्सलांना ठार करण्यात आलं. सिनेटने हे हेड्रियनला कधीच माफ केलं नाही. नायग्रिनस सम्राट झाला असता तर हेड्रियनने पुढचे वारस ठरवण्यासाठी घडवलेली १३८ची दत्तकविधानं झालीच नसती. अँटोनायनस नाही, मार्कस ऑरेलियसही नाही. विशेष म्हणजे मार्कसचा सहसम्राट लुसियस व्हेरस हा नायग्रिनसचा मुलीकडून नातू. म्हणजे ते रक्त गादीवर आलंच, फक्त फार वळसा घालून. आणि जेरुसलेमच्या जागी एलिया कॅपिटोलिना ही रोमन वसाहत वसवण्याचा हेड्रियनचा बेत नसता, तर १३२चं बार कोखबाचं ज्यू बंड त्या रूपात पेटलं असतं असं मला वाटत नाही. क्वाएटस आला असता तर मात्र ज्यूंना सौम्य वागणूक मिळाली असती, ही आशा नको.

तुम्ही हा पर्याय कथेत वापरणार असाल तर सेलिनसला प्लोटिनाचं पत्र अडवून भागणार नाही. हेड्रियनच्या हाताशी सीरियाचं सैन्य होतं, आणि पूर्वेचं सैन्य सम्राट बनवू शकतं हे वेस्पेशियनने ६९ मध्येच दाखवलं होतं. थोडं मागे जा. हेड्रियनच्या आधी सीरिया क्वाड्रेटस बॅससकडे होता. डेसियात (आजच्या रोमेनियात) गडबड झाली म्हणून त्याला तिकडे पाठवलं आणि सुभा हेड्रियनला मिळाला. बॅसस अँटिओकलाच राहिला, एवढंच बदललं तरी नायग्रिनसचा रस्ता मोकळा होतो.