उधाणाचं पाणी शेतात, विहिरीला मचूळ पाणी: शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न: उधाणात भरतीचं पाणी बांधावरून भातखाचरात आलं, दोन दिवस साचलं. जिप्सम (जमीन सुधारण्यासाठी टाकायचं कॅल्शियमयुक्त खनिज) टाकावं का?

आधी पाणी बाहेर काढा, जिप्समचं नंतर बघू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. गुंठाभर खाचरात पाच सेंमी पाणी जागीच आटलं, तर पावणेदोनशे किलो क्षार मागे राहतात. म्हणून ओहोटी लागली की उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार) उघडा, भरतीपूर्वी बंद करा. उतार नसेल तर कडेने चर काढा. मात्र चराच्या मातीत पिवळे ठिपके दिसले, तर खोल खणू नका. असा खाजणाचा (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीचा) गाळ उघडा पडून वाळला की जमीन कडक आम्ल होते.

पाणी निघालं की रान भेगाळेपर्यंत वाळू देऊ नका. खालचा ओलावा वर चढतो आणि क्षार पृष्ठभागावर आणून सोडतो. पांढरा थर दिसतो तो हाच. पेंढ्याचं आच्छादन टाका. पाऊस लागला की १० ते १५ सेंमी पाणी दोन-तीन दिवस अडवा, सोडा, पुन्हा भरा. पाणी मुरत असेल, तर ३० सेंमी माती धुवायला साधारण तेवढंच पाणी तिच्यातून खाली जावं लागतं. चिखलणी याआधी केली तर छिद्रं बुजतात आणि धुणंच थांबतं. ही चूक सर्रास होते.

आता जिप्सम. बोराएवढं सुकं ढेकूळ ग्लासभर पावसाच्या पाण्यात अलगद सोडा, हलवू नका. दोन तासांनी भोवती दुधाळ ढग दिसला, तर मातीला सोडियम चिकटला आहे. माती परीक्षण करून त्यात येईल तेवढंच जिप्सम वरच्या १० सेंमीत मिसळा आणि मग पाणी भरा. ढेकूळ नुसतं ढासळून पडलं, पाणी नितळ राहिलं, तर धुणं पुरेसं आहे.

मातीच्या संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) क्षारता ३ डेसीसायमन प्रति मीटरच्या (क्षारता मोजायचं एकक, पुढे नुसतं डेसीसायमन) वर गेली की भाताचं उत्पादन घटू लागतं. रोपं लहान असताना आणि फुलोऱ्यात पीक सर्वांत नाजूक असतं. म्हणून रोपवाटिका गोड्या पाण्यावर करा, ३० ते ३५ दिवसांची रोपं लावा, एका चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) चार-पाच ठेवा. पालाश म्युरेटऐवजी सल्फेट ऑफ पोटॅशमधून द्या.

बांधाचं म्हणाल, तर जगातल्या समुद्राची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ मध्ये सुमारे २० सेंमी वाढली. जुन्या भरतीच्या मापाने घातलेला बांध आता कमी पडणारच. उंची वाढवताना खेकड्यांची बिळं आधी चिकणमातीने ठासून बुजवा. बांध बहुधा तिथूनच फुटतो.

प्रश्न: उन्हाळ्यात विहीर मचूळ होते. बोअर खोल करू का?

नको. किनाऱ्याजवळ गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं. समुद्रसपाटीच्या वर ते जितकं उभं, त्याच्या साधारण ४० पट खाली. उपशाने पातळी अर्धा मीटर उतरून तशीच राहिली, तर खारं पाणी हळूहळू २० मीटर वर सरकू शकतं. समुद्र चढला की गोड्या पाण्याची समुद्रसपाटीवरची ही उंची दुसऱ्या बाजूनेही घटते. फुटव्हॉल्व्ह (पंपाच्या नळाचं पाण्यातलं तोंड) वर घ्या, उपसा थोडा थोडा, मध्ये विश्रांती देऊन करा. पंप सुरू करताना आणि थांबवताना क्षारता मोजा: ०.७ डेसीसायमनपर्यंत बिनधास्त वापरा, ३ च्या वर बहुतेक पिकांना देऊ नका. मधल्या पाण्यावर ठिबक चालतं, पण हलका पाऊस आला म्हणून ते बंद करू नका. ओल्या भागाच्या कडेला साठलेले क्षार त्या सरीने मुळांशी उतरतात.