बुद्धिबळाच्या ओपनिंगसाठी ट्रेनिंग सॉफ्टवेअरचा खरोखर उपयोग होतो का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: रेटिंग १४०० च्या आसपास, नोकरीमुळे रोज जेमतेम अर्धा-पाऊण तास हाताशी, ट्रेनिंग सॉफ्टवेअरवर घोकलेल्या ओपनिंगच्या (डावाच्या सुरुवातीच्या) चाली घरी बिनचूक येतात आणि स्पर्धेत मात्र पाचव्या-सहाव्या चालीलाच गाडी अडते, तेव्हा हे सॉफ्टवेअर चालू ठेवावे की बंद करावे? मी डोंबिवलीला राहतो, फोर्टमध्ये नोकरी करतो आणि गेली सहा वर्षे रविवारच्या रॅपिड स्पर्धा खेळतो आहे. हे दुखणे मी अंगावर काढलेले आहे. माझ्या मते सॉफ्टवेअर चालू ठेवावे, मात्र त्यात भरलेला बहुतेक माल काढून टाकावा.

या सॉफ्टवेअरच्या मुळाशी असलेली कल्पना बुद्धिबळाची नाही. पाठ केलेली गोष्ट आधी झपाट्याने आणि मग हळूहळू विसरली जाते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले. विसरण्याच्या बेतात असतानाच उजळणी करावी आणि दर वेळी मधले अंतर वाढवत न्यावे, हा हिशेब पोलंडच्या प्योटर वोझ्नियाक यांनी १९८७ मध्ये संगणकावर बसवला. परदेशी भाषेचे शब्द पाठ करण्यासाठी तो उत्तम चालतो, कारण शब्दाला ठरलेला अर्थ असतो. ओपनिंगचे सॉफ्टवेअर शब्दाच्या जागी पटावरची स्थिती ठेवते आणि अर्थाच्या जागी चाल. आपण ती चाल खेळलात की त्याच्या लेखी आपल्याला ती ‘येते’. ती का खेळलात, हे ते विचारत नाही आणि त्याला विचारता येणारही नाही.

याचा फटका मला कसा बसला ते सांगतो. काळ्याकडून मी कारो-कान ही ओपनिंग खेळतो (पटावरच्या प्रत्येक घराला अक्षर-आकड्याचे नाव असते; नुसते घर सांगितले की तिथे प्यादे जाते): ई४ ला सी६, डी४ ला डी५, मग घोडा सी३, काळे प्यादे ई४ वर मारते, पांढरा घोडा ते परत मारतो आणि काळा घोडा डी७ वर येतो. यानंतर पांढऱ्याने घोडा एफ३ खेळावा, उंट सी४ खेळावा की घोडा जी५ खेळावा, सॉफ्टवेअरमधल्या माझ्या फाइलमध्ये तिन्हींना उत्तर एकच होते: दुसरा घोडा एफ६. काही महिन्यांच्या उजळणीनंतर पाचवी चाल आली की हात आपोआप त्या घोड्याकडे जाऊ लागला. दादरच्या एका स्पर्धेत माझ्यासमोर बारा-तेरा वर्षांची मुलगी होती. तिने पाचव्या चालीला वजीर ई२ वर ठेवला. मी वजिराकडे पाहिले, मनात म्हटले की हिने स्वतःच्याच उंटाची वाट अडवली, आणि घोडा एफ६ खेळलो. तिने घोडा उचलून डी६ वर ठेवला आणि हळूच ‘मात’ म्हटले. ई७ चे माझे प्यादे त्या घोड्याला मारू शकत नव्हते, कारण ई२ च्या वजिराने ते राजासमोर जखडून टाकले होते. आणि राजाच्या चारी बाजूंना माझेच मोहरे उभे होते. सहा चालींत खेळ खलास. ग्रँडमास्टर पॉल केरेस यांनी १९५० साली पोलंडमधल्या एका स्पर्धेत याच धर्तीवर सहाव्या चालीला मात दिली होती, हे मला नंतर कळले.

सॉफ्टवेअरच्या नोंदीप्रमाणे ती चाल मला शंभर टक्के येत होती, आणि तेही खोटे नव्हते. फक्त आली ती हाताला. डोळ्यांना आली नव्हती.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. जिचे कारण मला एका मराठी वाक्यात लिहिता येत नाही, ती चाल फाइलमध्ये घालत नाही. गिरगावच्या चाळीत राहणारे माझे काका ओपनिंगची वही ठेवत. तीत डावीकडे चाली आणि उजवीकडे पेन्सिलने शेरे असत. कारो-कानमध्ये पांढरा तिसऱ्या चालीला प्यादे ई५ वर ढकलतो तिथे त्यांचा शेरा होता, ‘उंट आधी बाहेर, मग ई६, उलट केलेस तर उंट घरातच कोंडला.’ आजच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये चालीशेजारी टिप्पणीची जागा असते, आणि ती आपण रिकामी सोडतो. डी७ च्या घोड्याजवळ माझा शेरा आता असा आहे: ‘पुढची चाल करण्याआधी पांढरा वजीर कुठे आहे ते पाहा, ई२ वर असेल तर ई६.’ उजळणी करताना मी आधी कारण पुटपुटतो आणि मग चाल करतो. बायको त्याला जपाची वेळ म्हणते. पूर्वी दहा मिनिटांत साठ चाली होत, आता वीसच होतात.

दुसरी अडचण चालींच्या क्रमाची आहे, आणि ती बऱ्याच जणांना हरल्यावरच कळते. एकदा समोरच्याने पहिली चाल सी४ केली. इंग्लिश ओपनिंगसाठी माझी काहीच तयारी नव्हती, म्हणून सवयीने सी६ खेळलो. त्याने ई४, मी डी५, मग डी५ वर दोन्ही बाजूंची मारामारी, त्याचे डी४, माझा घोडा एफ६, त्याचा घोडा सी३. पंचवीस मिनिटांच्या डावातली अकरा मिनिटे मी तिथे विचारात घालवली. अखेर घाबरून सी४ चे प्यादे मारले आणि त्याचा उंट एका चालीत ऐटीत सी४ वर येऊन बसला. इंजिनाच्या, म्हणजे चाली तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या, लेखी ती काही घोडचूक नव्हती, पण वेळ गेला तो गेलाच. घरी येऊन पाहतो तर ही स्थिती कारो-कानच्या पानोव्ह हल्ल्याची! ई४ सी६, डी४ डी५, मारामारी, मग सी४ या वाटेने मी ती चाळीस वेळा तरी घोकली होती, आणि उत्तर ई६ हे झोपेतही सांगितले असते. गावाला दुसऱ्या वेशीतून शिरलो, तर गावच ओळखू आले नाही.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना ते चालींची साखळी साठवते की स्थिती साठवते, हे आधी तपासावे. स्थिती साठवणारे सॉफ्टवेअर कोणत्याही क्रमाने तिथे पोहोचलात तरी एकच प्रश्न विचारते; साखळी साठवणारे तीच स्थिती दोनदा पाठ करून घेते, आणि आपण दोन जागी दोन वेगळी उत्तरे लिहून ठेवली असतील तर चकार शब्द काढत नाही. शिवाय सुरुवातीपासून साखळी म्हणण्याऐवजी मधलीच स्थिती अचानक समोर टाकण्याची सोय असेल तर ती जरूर वापरावी. शेवटचा मार्ग जुनाच आहे: आठवड्यातून एकदा त्यातल्या चार-पाच स्थिती लाकडी पटावर मांडाव्यात. पडद्यावर ओळखीची वाटणारी स्थिती पटावर कधी कधी अगदी परकी दिसते.

आता फाइलमध्ये काय घालावे? दोघांच्या दोन-दोन चाली होईपर्यंतच १,९७,२८१ चालक्रम संभवतात, त्यामुळे सगळे झाकून टाकण्याचा हव्यास व्यर्थ आहे. मी एकदा आठशेहून अधिक व्हेरिएशनांचा (चालींच्या फाट्यांचा) तयार कोर्स विकत घेतला होता. तीन आठवड्यांत उजळणीची थकबाकी सहाशेवर गेली आणि मी ते ॲप उघडणेच सोडले. पुन्हा नव्या उत्साहाने सुरू केले, तर ये रे माझ्या मागल्या. आज काळ्याकडून माझ्या फाइलमध्ये साधारण एकशे चाळीस चाली आहेत आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक माझ्या स्वतःच्या एखाद्या डावातून आलेली आहे. डाव झाला की घरी येऊन मी तयारीबाहेर नेमका कुठे पडलो ते पाहतो आणि तिथे एकच चाल जोडतो. लिचेस हे बुद्धिबळाचे संकेतस्थळ विनामूल्य आहे. त्यातील ओपनिंग एक्सप्लोररमध्ये मास्टर खेळाडूंच्या डावांखेरीज आपल्या रेटिंगच्या खेळाडूंचे डावही गाळून पाहता येतात. आपण दुसरा भाग पाहावा. मास्टर मंडळी कारो-कानविरुद्ध दुसऱ्याच चालीला उंट सी४ वर सहसा आणत नाहीत. आपल्या रविवारच्या स्पर्धांत तो हमखास येतो, आणि डी५ ने त्याला लगेच हुसकावता येते एवढे ठाऊक असले की पुरते.

इंजिनाबद्दल फार लिहीत नाही. स्टॉकफिश हे इंजिन फुकट आहे आणि आपल्या गरजेपेक्षा कितीतरी ताकदवान आहे. दोन चालींत त्याला ०.२ चा फरक दिसत असेल, तर आपल्याला जिचे कारण कळते ती घ्यावी. फाइल मात्र पीजीएन, म्हणजे डाव लिहून ठेवण्याच्या सर्वमान्य स्वरूपात, स्वतःजवळ ठेवावी, म्हणजे उद्या सॉफ्टवेअर बदलले तरी शेऱ्यांसकट सगळे सोबत नेता येते.

रोजच्या अर्ध्या तासाचे म्हणाल, तर उजळणी दहा-पंधरा मिनिटांत आटपावी आणि उरलेला वेळ डाव तपासण्यास व कोडी सोडवण्यास द्यावा. लोकलमध्ये बसायला मिळाले तरच मी उजळणी करतो. उभ्याने एका हाताने कडी धरून अंगठ्याने चाली करत असे तेव्हा घाटकोपरला कोणाचा तरी कोपर लागायचा, हत्ती भलत्याच घरात पडायचा, आणि सॉफ्टवेअर ती चाल विसरलो असे धरून पुन्हा पहिल्या दिवसावर नेऊन ठेवायचे. स्पर्धा जवळ आली की आठवडाभर आधी नवी चाल जोडणे बंद करावे. त्या आठवड्यात मी फक्त शेरे वाचतो, तेही चाली न करता.