चाळिशी तोंडावर असताना लेसर: ९५ हजार कुठून आणायचे?

नागपुरातल्या मानेवाड्याहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"वय ३८. हिंगणा एमआयडीसीत क्वालिटी विभागात आहे. पगार हातात ५२ हजार. घराचा हप्ता १७ हजार, घरखर्च २२ हजार, एसआयपी ५ हजार. बँकेत १ लाख ४० हजारांची एफडी आहे, तीच अडीअडचणीची. मुलीच्या नावाने म्युच्युअल फंडात २ लाख १० हजार जमलेत. डोळ्यांना मायनस अडीचच्या आसपास नंबर आणि वर सिलिंडर (बुबुळापुढचा पडदा सगळीकडे सारखा गोल नसला की येणारा वेगळा नंबर): उजव्याला सव्वादोन, डाव्याला पावणेतीन. डाव्याचा दोन वर्षांपूर्वी सव्वादोनच होता. टोरिक, म्हणजे सिलिंडरच्या कॉन्टॅक्ट लेन्सवर वर्षाला ११ हजार आणि दर दोन वर्षांनी चष्म्यावर ५ हजार जातात. नंबर घालवायच्या लेसरचे दोन्ही डोळ्यांचे ९५ हजार सांगितलेत. या महिनाअखेरपर्यंत रोख भरले तर ८० हजार, नाहीतर बारा महिन्यांचा 'नो कॉस्ट' हप्ता. बायको म्हणते, एकदाचं करून टाका. एफडी मोडू, हप्ता घेऊ की फंडातून काढू?"

नमस्कार. तुमच्या पत्रातल्या एका ओळीपाशी मी थांबलो, आणि ती पैशाची नाही. डाव्या डोळ्याचा सिलिंडर दोन वर्षांत अर्ध्या नंबरने वाढला, ती ओळ. मी डोळ्यांचा डॉक्टर नाही, पण या ओळीवर तुमचे पैसे अवलंबून आहेत. लेसरच्या आधी नंबर निदान वर्षभर स्थिर असावा लागतो. अडतिशीत सिलिंडर सरकत असेल तर त्याचं कारण आधी कळायला हवं. कारण साधं असू शकतं: लेन्स घालून घालून कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, आकार तात्पुरता बदलतो, कधी आधीची तपासणीच घाईत झालेली असते. पण केराटोकोनस नावाचा आजारही असाच दिसतो. त्यात कॉर्निया पातळ होऊन पुढे येत जातो. ज्यांना डोळे चोळायची सवय असते त्यांच्यात तो जास्त आढळतो. अशा डोळ्यावर लेसर करत नाहीत. लेसर म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या कॉर्नियातून थर काढणं, आणि सिलिंडर घालवायला तो एका दिशेने जास्त काढावा लागतो. काढलेला थर परत बसवता येत नाही, आणि आधीच कमजोर असलेला कॉर्निया त्यानंतर आणखी फुगू शकतो.

म्हणून पहिला खर्च तपासणीचा: कॉर्नियाची टोपोग्राफी (त्याच्या उंचसखलपणाचा नकाशा), जाडी आणि डोळ्यांचा कोरडेपणा. टोरिक लेन्स त्याआधी दोन-तीन आठवडे बंद ठेवायला सांगतात, नाहीतर आकडे फसवे येतात. आता हे महिनाअखेरच्या सवलतीत बसवून बघा. लेन्स काढून तीन आठवडे थांबायचं म्हटलं की तारीख तिथेच निघून जाते. तपासणीआधी ॲडव्हान्स मागत असतील तर एक रुपयाही देऊ नका. रिपोर्ट हातात आला की मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या नेत्रविभागात दाखवून दुसरं मत घ्या.

आता हिशेब. तुम्हाला कोणीतरी "सात वर्षांत पैसे वसूल" असं सांगितलं असणारच. लेन्सचे ११ हजार आणि चष्म्याचे अडीच, म्हणजे वर्षाला साडेतेरा हजार. ९५ ला साडेतेराने भागलं की सात येतात. पण हे ९५ हजार सात टक्क्यांनी ठेवले तर पहिल्याच वर्षी साडेसहा हजारांवर व्याज मिळतं. ते धरलं की सातची दहा वर्षं होतात. तेव्हा तुम्ही ४८ चे असाल.

आणि त्याआधीच तुम्हाला चाळिशी लागलेली असेल. आपल्या भाषेत जवळच्या चष्म्याला चाळिशीच म्हणतात, ते उगाच नाही. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर ताठ होतं, आणि लेसर होतं कॉर्नियावर, भिंगावर नाही. शिवाय मायनस नंबरवाल्याकडे एक सोय असते, जी तो जाईपर्यंत लक्षात येत नाही: चाळिशीनंतरही चष्मा काढला की जवळचं बरंचसं दिसतं. लेसरने दूरचा नंबर शून्य झाला की ती सोय गेली. तुमचं काम मायक्रोमीटरवरचे आकडे आणि ड्रॉइंगवरच्या बारीक रेघा वाचायचं आहे. म्हणजे चार-पाच वर्षांत कामावर तुमच्या खिशात जवळचा चष्मा असणार, आणि त्याचा खर्च या साडेतेरा हजारांच्या हिशेबात कुठेच नाही. डॉक्टरांना हे मुद्दाम विचारा. काही जण एका डोळ्यात थोडा मायनस ठेवतात, पण बारीक मोजमापाच्या कामाला ते जमेल का, हे आधी लेन्स लावून बघता येतं.

तेव्हा पैसे वाचावेत म्हणून हे करू नका. मे महिन्यात घामाने नाकावरून घसरणारा चष्मा, हेल्मेटच्या आत धुरकटणारी काच, सेफ्टी गॉगलखाली दुसरा गॉगल, हे रोज सोसणाऱ्याला त्यातून सुटावंसं वाटतं, यात गैर काहीच नाही. सोयीसाठी खर्च करायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. माझं म्हणणं एवढंच की सोयीचे पैसे सोयीच्याच खिशातून जावेत.

एफडी हा तो खिसा नाही. तुमचा महिन्याचा न टळणारा खर्च ३९ हजार. १ लाख ४० हजार म्हणजे साडेतीन महिने, तेच मुळात कमी आहेत. त्यातून ८० काढले की दीड महिना उरतो. मुलीचा फंडही नाही. आज काढलेले ८० हजार तिथेच राहिले आणि दहा टक्के परतावा धरला, तर आठ वर्षांनी १ लाख ७१ हजार होतात, ऐन तिच्या बारावीनंतर.

राहिला 'नो कॉस्ट' हप्ता. रोख ८० आणि हप्त्याने ९५, मग वरचे १५ हजार कशाचे? व्याजाचे. दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं, ते धरून मी दर काढला तर वर्षाला ३३ टक्क्यांच्या आसपास निघतो. वर प्रोसेसिंग फी असेल ती वेगळी. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. दुसरं असं की हप्ता ७,९१७ रुपयांचा, आणि तुमच्याकडे महिनाअखेर उरतात ८ हजार. पोरीला ताप आला तर औषधं कार्डावर घ्यावी लागतील.

विम्याची आशा धरू नका. साडेसात डायॉप्टरपेक्षा (नंबर मोजायचं एकक) कमी नंबरच्या दुरुस्तीचा खर्च आरोग्य पॉलिसीतून वगळण्याचं कलम विमा नियामकाने प्रमाणित केलं आहे, तुमचा नंबर त्याच्या आत आहे. आयकरातही वेगळी वजावट नाही.

मग कसं करायचं? तेच उरणारे ८ हजार या महिन्यापासून आवर्ती ठेवीत टाका. फेब्रुवारी ते जानेवारी बारा हप्ते, ९६ हजार अधिक थोडं व्याज. सवलत तेव्हा असली तर उरलेले औषधाला, नसली तरी अडत नाही. वर्षभराने तपासणी पुन्हा करा. नंबर जागचा हलला नसेल, तरच पैसे भरा. म्हणजे थांबण्याचं हे वर्ष वाया जात नाही, डॉक्टरांना हवी असलेली स्थिरताही त्यातच कळते. आणि आपल्याकडे हिवाळा या कामाला बरा. लेसरनंतर काही महिने डोळे कोरडे पडतात. एप्रिल-मेची झळ, कूलरचा झोत आणि रिंगरोडची धूळ यांत ते दिवस काढण्यापेक्षा जानेवारीत केलेलं सोसतं.

भाव विचाराल तेव्हा हेही विचारा: ९५ हजारांत तपासणी, थेंब आणि फेरभेटी धरल्यात का, नंबर थोडा राहिला तर दुसऱ्यांदा करायचे पैसे लागतात का, आणि रजा किती दिवसांची. पृष्ठभागावरच्या पद्धतीत, पीआरकेमध्ये, बरं व्हायला जास्त दिवस जातात.

दिवाळीच्या बोनसला मात्र लेसरमध्ये ओढू नका. पत्रात स्वतःच्या आरोग्य पॉलिसीचा उल्लेख नाही, त्यामुळे फक्त कंपनीचं कव्हर असावं असं धरतो. नोकरी सुटली की ते सुटतं. बोनसमधून तिघांची फ्लोटर, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच, पॉलिसी घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी लागत नाही.

लेसर झालंच, तर त्याआधीची कॉर्नियाची मापं एफडीच्या पावत्यांसोबत जपून ठेवा. साठीत मोतीबिंदू निघाला की बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना ती लागतात, कारण लेसर झालेल्या डोळ्यात तो हिशेब अवघड होतो. आणि या आठवड्यात एकच करा: लेन्स काढून डबीत ठेवा, चष्म्यावर या, आणि तीन आठवड्यांनंतरची तपासणीची वेळ घ्या.