लेण्यांचा अभ्यास करून नोकरी लागते का?

प्रश्न: आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. मुलगी बारावी सायन्सला आहे. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत तिला ‘ए’ ग्रेड मिळाली. आता म्हणते, धर्माचा कलेवर कसा परिणाम होत गेला तेच शिकायचंय. यात नोकरी आहे, की ही नुसती हौस? – एक पालक

उत्तर: नमस्कार. तुमची मुलगी म्हणते तो विषय कलेतिहासाचा. नोकऱ्या आहेत, पण मोजक्या, आणि एम.ए.च्या आधी जवळजवळ नाहीतच. पाच-सहा वर्षं धरूनच चाला. प्रवेशाचं बघण्याआधी मात्र तिला एका सकाळी वही, पेन्सिल, मोजपट्टी आणि बॅटरी देऊन पांडवलेण्यांवर पाठवा.

ही बौद्ध लेणी आहेत. आधी १८ क्रमांकाचं चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेचं दालन बघावं. तिथे पूजेचं स्थान म्हणजे स्तूप. मग २० क्रमांकात जावं. हा विहार, म्हणजे भिक्खूंचं निवासस्थान, सातवाहनांच्या काळातला, पण आतला बसलेल्या बुद्धाचा गाभारा नंतर खोदलेला. सुरुवातीच्या शतकांत बुद्ध दाखवायचा तो बोधिवृक्ष, चक्र, पावलं किंवा स्तूप यांतून. पुढे मूर्तिपूजा रुजली आणि लेण्यात गाभाऱ्याची गरज पडली. उपासना बदलली की दगडातला नकाशा बदलतो, तो असा. अजिंठ्यालाही ९ आणि १० मध्ये साधा स्तूप आहे, तर १९ आणि २६ मध्ये स्तूपावरच बुद्ध कोरलाय.

मग १० क्रमांकातला उषवदाताचा कोरीव लेख. हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई. त्याने ३००० कार्षापणं, म्हणजे नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) ठेवली: २००० दरमहा शेकडा एक दराने, १००० शेकडा पाऊण दराने. व्याजातून भिक्खूंची वस्त्रं आणि इतर खर्च. गोवर्धन हे गाव आजही नाशिकजवळ आहे. धर्म कलेपर्यंत पोचतो तो अशा ठेवींच्या आणि दानांच्या वाटेने, आणि ती वाट वाचता येणं हाच या विषयाचा गाभा आहे असं माझं ठाम मत आहे.

बहुतेक मुलं इथे फोटो काढून परततात, तिथेच चूक होते. समोरून फ्लॅश मारला की कोरीवकाम सपाट दिसतं. बॅटरी बाजूने तिरकी धरावी. आधी रेखाटन, मग फोटो. आणि डावं-उजवं लिहायचं ते मूर्तीचं, आपलं नव्हे. संध्येतली केशव, नारायण ही विष्णूची २४ नावं आठवा. शंख, चक्र, गदा, पद्म चार हातांत २४ प्रकारे येतात, आणि क्रमावरून विष्णूचं नाव ठरतं. केशवाच्या खालच्या उजव्या हातात पद्म, तिथून प्रदक्षिणेच्या क्रमाने शंख, चक्र, गदा. एक हात उलटा नोंदला की नाव चुकलं. शेंदराच्या जाड थराखालची मूर्ती तर अंदाजाने ओळखूच नये.

अभ्यासक्रम भारतापुरता नसतो. १५६६ साली नेदरलँड्समध्ये प्रॉटेस्टंट जमावांनी चर्चमधल्या मूर्ती फोडल्या. पुढच्या शतकात तिथले चित्रकार घरांच्या भिंतींसाठी निसर्गदृश्यं, फळं-भांडी रंगवू लागले. धर्माने प्रतिमा नाकारली, त्याचाही कलेवर असा परिणाम झाला.

आता वाटा. बारावीनंतर थेट जायचं तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कलेतिहासाची चार वर्षांची पदवी आहे, प्रवेश परीक्षेसह. आधी कुठलीही पदवी करून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्वाचं एम.ए. करता येतं. कॉलेजात शिकवायचं असेल तर साधारणपणे नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. बाकी कामं संग्रहालयं, पुरातत्त्व खातं, गॅलऱ्या आणि लिलावगृहांत.

तुमच्या मुलीसाठी मला तिसरी वाट जास्त जवळची वाटते: जतन-संवर्धन. जुन्या चित्राचा रंग का सुटतो, दगडावर क्षार का फुटतात, आधीच्या दुरुस्तीतलं सिमेंट का नडतं, हे सगळं रसायनशास्त्र आहे, आणि हाताला चित्रकला लागते. तिच्याकडे दोन्ही आहे. म्हणून घाईने सायन्स सोडू देऊ नका. नाशिकलाच रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करावी आणि मग नोएडाच्या भारतीय वारसा संस्थेत संवर्धनाच्या एम.ए.साठी अर्ज करावा. अर्जाआधी त्या वर्षीची पात्रता संकेतस्थळावर तपासा.

लेण्यांवरून परतल्यावर तिची वही मागा. त्यात देणग्या आणि लेखांबद्दलचे प्रश्न जास्त असतील तर डेक्कन कॉलेज धरा, आणि ब्राह्मी लिपी आत्तापासून शिकू द्या. दगड कुठे झिजलाय, पाणी कुठून झिरपतंय याच्या नोंदी असतील तर बी.एस्सी.चा फॉर्म भरा.