फुटपाथवर टेबलं मांडण्याआधी
ताई, इंग्लंडमध्ये कॅफे काढताय, मनापासून अभिनंदन! बाहेरच्या टेबलांसाठी कौन्सिलचं (म्हणजे तिथल्या पालिकेचं) पेव्हमेंट लायसन्स, म्हणजे फुटपाथ वापरायचा परवाना, लागतं. पहिल्या अर्जाची फी जास्तीत जास्त ५०० पौंड, नूतनीकरणाची ३५०. कौन्सिल याहून कमीही आकारू शकते, म्हणून आधी तिथला दर बघा.

नवखे चुकतात ते इथे:

- खुर्ची मागे सरकली की किती जागा खाते, हे धरतच नाहीत. माणूस बसवून टेपने मोजा. व्हीलचेअर, बाबागाडीला साधारण दीड मीटर वाट मोकळी हवीच.
- अर्जाच्या दिवशीच दुकानावर अर्ज केल्याची नोटीस लावायची राहते.
- उशीर. लोकांच्या हरकतींना १४ दिवस, निर्णयाला आणखी १४. मे महिन्यात टेबलं हवीत तर मार्चमध्येच अर्ज करा.

आणि फर्निचर उचलून आत ठेवता येईल असंच घ्या, तेही लायसन्स हातात आल्यावर.